आजोबांचा पाय



बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी एका डोळ्याचा मोतीबिंदू, मग दुसऱ्याचा. डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघायला बंदी केली होती. आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतंय, त्यामुळे घरातली जळमटंही दिसायला लागली आहेत. ती काढण्याआधी हे लिहून टाकते, कारण गेले कित्येक महिने ते मनात घोळतंय.

विषय तसा छोटा आहे. सुंठ-मधाची बिस्किटं, आणि ती मुलांबरोबर घरी करणं. माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. मुलांनी आपल्या हातांनी केलेली वस्तू, मुलं झोपल्यावर, त्यांच्या नकळत ‘नीट’ करू नये. एवढंच. तेहतीस वर्षं शाळेत शिकवूनही मला हे त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं, आणि शिकवणारा होता साडेपाच वर्षांचा.

२०२३ ची दिवाळी आटोपून आम्ही दोघं लेकीकडे जर्मनीला गेलो. ती एर्लांगेनला राहते. न्यूरेंबर्गहून आगगाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर असलेलं हे विद्यापीठाचं गाव आहे. नव्वद दिवसांचा व्हिसा, कडाक्याची थंडी आणि दुपारी साडेचारलाच अंधार. पहिले आठ दिवस मी नुसती खिडकीशी बसून होते. मग डिसेंबर लागला आणि त्या अंधाराला वास यायला लागला. दालचिनीचा, लवंगेचा, तापलेल्या मधाचा.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे तिकडचा ‘आडव्हेंट’. हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर चार मेणबत्त्या असतात आणि दर रविवारी एक जास्त लावायची. या चार आठवड्यांत घरोघरी बिस्किटं भाजतात, पत्र्याचे डबे भरून ठेवतात आणि शेजारीपाजारी देतात. आपल्याकडे नवरात्र संपलं की गल्लीत भाजणीचा वास सुटतो, अगदी तस्सं. फरक एवढाच की आपल्याकडे फराळाच्या दिवसांत मुलांना ‘तळण चाललंय, लांब हो’ असं ऐकावं लागतं, आणि तिकडे ही बिस्किटं करणं हे मुलांचंच काम समजतात. बुटकी टेबलं, छोटी लाटणी, छोटे एप्रन, सगळं दुकानात मिळतं.

(इकडून एक-दोघांनी फोनवर विचारलं, ‘तुम्ही कशाला त्यांच्या सणाचं करत बसता?’ तर ऐका, लेकीने दिवाळीचा आकाशकंदील खिडकीतून काढलाच नव्हता. शेजारच्या आजीबाईंना तो नाताळचा तारा वाटला आणि फार आवडला. दोघीही खूश!)

या बिस्किटांना इंग्रजीत जिंजरब्रेड म्हणतात. जर्मन लोकांचं ‘लेबकुखन’ हे त्याच कुळातलं. आपल्याकडे जसे साताऱ्याचे कंदी पेढे, तसं तिकडे न्यूरेंबर्गचं लेबकुखन. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे ते करतात आणि १६४३ पासून तर करणाऱ्यांचा स्वतंत्र संघच होता. शहराभोवती मोठं जंगल, जंगलात मधमाश्या पाळणारे लोक, आणि व्हेनिसकडून मसाले घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांची वाट तिथूनच जायची. मध आणि मसाले एकाच गावात आल्यावर आणखी काय होणार? १९९६ पासून युरोपात कायदाही आहे. न्यूरेंबर्ग शहराच्या हद्दीत केलेल्यालाच ‘न्यूरेंबर्गचं लेबकुखन’ म्हणता येतं. त्यातल्या ‘एलिझेन’ या उंची प्रकारात बदाम, अक्रोड किंवा हेझलनट निदान पंचवीस टक्के हवेत आणि पीठ दहा टक्क्यांच्या वर चालत नाही. मुलांबरोबर घरी करतात तो प्रकार साधा असतो. पीठ आणि मध भिजवायचं, लाटायचं, साच्याने कापायचं.

मसाल्याच्या पुडीवरची यादी लेकीने वाचून दाखवली. दालचिनी, लवंग, वेलची, धने, सुंठ, जायफळ, बडीशेप. माझ्यातली मराठी बाई लगेच जागी झाली. म्हटलं, “अगं, हे तर सगळं आपल्याकडचंच!” लेक म्हणाली, “आई, तुझ्या उपासाच्या ताटातला बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा कुठून आले ते सांगू का?” मी गप्प बसले.

कृती सांगते, कारण नंतर फोन येणारच. अर्धा किलो मैदा, पाव किलो मध, शंभर ग्रॅम ब्राऊन शुगर, शंभर ग्रॅम लोणी, एक अंडं, एक चमचा कोको आणि मसाल्याची पंधरा ग्रॅमची पुडी. आपल्याकडे मधाच्या जागी थोडी काकवी घालून बघायला हरकत नाही. फुगण्यासाठी तिकडे पोटॅश मिळतं. पांढरी, कडवट पूड, आपल्या पापडखाराची चुलतबहीण. ती चमचाभर पाण्यात विरघळवून घालायची. मध, साखर आणि लोणी मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच तापवायचं, उकळायचं नाही. कोमट झालं की बाकीचं घालून मळायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. मधातला आंबटपणा आणि पोटॅश यांचं हळूहळू जमत जातं. जुन्या काळी तर हा गोळा कित्येक आठवडे मुरवत ठेवायचे.

आम्ही दुप्पट प्रमाण घेतलं. शुक्रवारी मुलांच्या शाळेत नाताळचा बाजार होता आणि प्रत्येक घरून बिस्किटांच्या पिशव्या न्यायच्या होत्या. येणारे पैसे शाळेच्या कामाला. बुधवारी संध्याकाळी नऊ वर्षांच्या नातीने कागदावर सगळी प्रमाणं दुप्पट करून लिहिली. एकही चूक नव्हती. धाकट्याला मध मोजायचं काम दिलं. त्याने मध वजनकाट्यावर मोजला, काट्याच्या बटणांवर सांडला आणि कोपरालाही लावून घेतला. मला राहवत नव्हतं. दर दोन मिनिटांनी ‘थांब, मी करते’ असं तोंडातून निघायचं आणि लेक डोळे मोठे करायची. ती तेव्हा माझ्याहून शहाणी होती.

गुरुवारी दुपारी लाटायला बसलो. आमचे हे बाजूला खुर्चीवर, काठी टेकून. २०२१ मध्ये यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून काठी आहे आणि चालही जरा एका बाजूला जाते. साच्यांचा डबा उघडला. चांदण्या, चंद्रकोरी, बदाम, साळिंदर आणि आल्याचा माणूस.

मंडळी, लहान मुलांचं लाटणं बघण्यासारखं असतं. एका बाजूला पापडाइतकं पातळ, दुसऱ्या बाजूला भाकरीएवढं जाड. पातळ बाजू भट्टीत काळी पडते, जाड बाजू मध्ये कच्ची राहते. उरलेले तुकडे गोळा करून पुन्हा लाटायचे, चिकटतं म्हणून पुन्हा पीठ भुरभुरायचं. तिसऱ्या खेपेला त्या गोळ्याने इतकं पीठ खाल्लेलं असतं की बिस्किट लाकडासारखं होतं. नातीने चंद्रकोरी कापल्या. तेवीस झाल्या. मोजून सांगितलं तिने. धाकट्याने माणसं कापली. त्यातला एक ओट्यावरून उचलताना त्याच्या हातात लांबला आणि उजवा पाय तुटला. त्याने तो थुंकी लावून (हो, पाहिलं मी!) परत चिकटवला. साहजिकच तो आखूड झाला. वाकडाही झाला. मी साचा पुढे केला, “दुसरा कापू या, राजा.” तो म्हणाला, “नको. हे आजोबा आहेत.”

भाजून झाल्यावर त्याने पांढऱ्या साखरेच्या आयसिंगने आजोबांच्या हातात काठी काढली. डोक्यावर काहीच काढलं नाही. तेही बरोबरच होतं.

आम्हाला आमच्या लहानपणी घरात भट्टी माहीतच नव्हती. मे महिन्यात रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून बेकरीत न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची. भट्टीवाला लांब फळीने पत्रे आत सारायचा आणि आम्ही पोरं दारात उभी. आमचं काम रिकामे डबे धरायचं. त्यामुळे काचेसमोर मांडी घालून ‘फुगला, फुगला, आजोबा फुगले!’ म्हणून ओरडणाऱ्या नातवाचा मला हेवाच वाटला.

इथपर्यंत सगळं छान होतं. मुलं साडेआठला झोपली.

लेक ताटांपुढे उभी राहिली. जळक्या कडांच्या चंद्रकोरी, फुटक्या चांदण्या, आयसिंगचे ओघळ. मला म्हणाली, “आई, हे असं कसं पाठवायचं?” मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “त्या वर्गात आपलं एकच घर भारतीय आहे गं. बाकीच्या आया पिढ्यान् पिढ्या हे करत आल्यात. यांना जमत नाही, असं कोणाला वाटायला नको.”

इथे मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला हवं होतं. चाळीस पालकसभांत मी बोलले असते. पण मी पदर खोचला आणि म्हटलं, “अर्धा गोळा फ्रीजमध्ये आहे ना? लाटणं दे इकडे.”

खोटं कशाला सांगू, ती रात्र फार सुंदर गेली. पोळ्या लाटणारे हात माझे, एकसारखं अर्धा सेंटिमीटर लाटून दिलं. लेकीने कापलं. एकशे ऐंशी अंशांवर दहा-दहा मिनिटांत एकेक पत्रा बाहेर. एक वाजेपर्यंत आम्ही दोघी बोलत होतो, हसत होतो. इतक्या गप्पा तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झाल्या असतील. मुलांनी केलेली बिस्किटं एका डब्यात घालून मागे फळीवर ठेवली, ‘घरी खायला’. त्यांच्या जागी अठ्ठावीस सुबक चंद्रकोरी मांडल्या. माणसांच्या जागी माणसं. मी आठवणीने एकाच्या हातात काठी काढली आणि डोकं कोरं ठेवलं. मला वाटलं, झालं की तेच! उलट जास्त चांगलं.

सकाळी धाकटा आधी उठला. पिशव्या भरायच्या होत्या. तो ताटाजवळ उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि मग आत जाऊन यांना विचारलं, “आजोबा, तुमचा पाय कोणी बरा केला?”

तो रडला नाही, चिडला नाही. त्याला खरंच वाटलं होतं की रात्रीतून काहीतरी झालं. यांनी पांघरुणातून पाय बाहेर काढून दाखवला, नेहमीसारखाच होता. मग तो परत आला, ताटाकडे बघितलं आणि काहीच न बोलता दात घासायला गेला.

नात मोठी. तिला लगेच कळलं. तिने मोजलं. “मी तेवीस केल्या होत्या,” ती म्हणाली. मग टेबलावरची चिठ्ठ्यांची चळत उचलली. त्या तिनेच आदल्या दिवशी रंगीत पेनाने लिहिल्या होत्या, प्रत्येक पिशवीला एक. जर्मनमध्ये लिहिलं होतं, ‘आम्ही मुलांनी घरी केलेलं’. ती आईला म्हणाली, “मग आता हे खोटं झालं.”

मंडळी, माझ्या हातून नोकरीत एकदाही पेपर फुटला नाही. कॉपी करणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलं आहे. आणि सकाळी सात वाजता एर्लांगेनच्या त्या स्वयंपाकघरात माझ्याच नातीने मला कॉपी करताना पकडलं. पळायला जागा नव्हती.

शेवटी तोडगा तिनेच काढला. आमच्या बिस्किटांच्या पिशव्यांसाठी नवीन चिठ्ठ्या लिहिल्या, ‘आई आणि आजीने केलेलं’. फळीवरचा डबा खाली काढून त्यातली बिस्किटं जुन्या चिठ्ठ्यांच्या पिशव्यांत भरली. धाकट्याने आजोबा विकायला दिले नाहीत. बाजारात दोन्ही प्रकारच्या पिशव्या संपल्या. कुठल्या आधी संपल्या ते मी विचारलं नाही.

मुलं शाळेत गेल्यावर आम्ही दोघी चहा घेत बसलो. मी म्हटलं, “चुकलंच आपलं.” लेक कपाकडे बघत म्हणाली, “आई, १९८९ ची दिवाळी आठवते?”

मला आठवत नव्हती. तिला होती. ती तेव्हा नऊ वर्षांची, म्हणजे बरोब्बर आत्ताच्या नातीएवढी. पहिल्यांदाच करंज्या करायला बसली होती आणि कातण्याने न कापता तिने मुरड घालायचा हट्ट धरला होता. संध्याकाळभर बसून तिने पंधरा करंज्या भरल्या, मुरडल्या आणि ओल्या फडक्याखाली ठेवल्या. तळण मी रात्री काढणार होते. ती झोपली. मी फडकं उघडून बघितलं तर कडा सुटलेल्या, सारण डोकावतंय. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, उघडी करंजी तेलात फुटते, सारण जळतं आणि सगळं तेल खराब होतं. तेल-तूप मोजून आणायचे ते दिवस. मी सगळ्या करंज्या पुन्हा दाबल्या, कडा कातण्याने कापल्या आणि तळल्या. मग विसरून गेले.

“सकाळी मी डबा उघडला,” लेक म्हणाली, “तर एकही मुरडीची नव्हती. तू सगळ्यांना सांगत होतीस, ‘या आमच्या छकुलीने केल्यात.’ आत्या म्हणाली, ‘किती सुंदर!’ मला काय बोलावं कळेना.”

त्यानंतर ती कधी करंज्यांना बसली नाही. मी लोकांना सांगत आले, ‘आमच्या हिला स्वयंपाकाची आवडच नाही, अभ्यासात डोकं.’ चौतीस वर्षं मी हेच सांगत होते, आणि माझा त्यावर विश्वासही होता.

आणि गंमत बघा, जे तिला इतकं लागलं होतं, तेच तिने स्वतःच्या मुलांशी केलं. माझ्याच मदतीने. तिला मी म्हटलं, “मग रात्री का नाही बोललीस?” ती म्हणाली, “तू लाटणं हातात घेतलंस ना, मला इतकं बरं वाटलं.” यावर मी काय बोलणार होते?

आता कोणी म्हणेल, एका बिस्किटाचा किती बाऊ! म्हणून नीट विचार करून लिहिते.

पहिला आक्षेप खरा आहे. काही गोष्टी दुरुस्त कराव्याच लागतात. उघडी करंजी तेलात सोडता येत नाही. कच्चं बिस्किट कोणाला खायला देता येत नाही. पण दुरुस्त करायचं ते मुलासमोर, कारण सांगून, जमलं तर त्याच्याच हातून. ‘हे बघ, इथे कड सुटली आहे, तेलात फुटेल, बोटाला पाणी लावून परत दाब.’ एवढं बोलायला मला १९८९ मध्ये दहा मिनिटं लागली असती. मी थकले होते हे खरं. पण पंधरा करंज्या दुसऱ्या दिवशी सकाळी तळल्या असत्या तर दिवाळी बुडाली नसती.

आणि जे फुटणारं नाही, जळणारं नाही, नुसतंच वाकडं आहे, ते वाकडं राहू द्यावं. आजोबांचा पाय वाकडा होता म्हणून बिस्किट कोणाच्या घशात अडकणार नव्हतं.

आम्हा मास्तर लोकांची लाल शाई फार बदनाम आहे. पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता, तो मला आता कळतोय. लाल शाईखाली मुलाचं मूळ अक्षर दिसत राहायचं. ‘र्‍हस्व’ कुठे लिहिलं, ‘दीर्घ’ कुठे हवं, दोन्ही एकाच ओळीत. मुलाला माहीत असायचं, निळं माझं, लाल बाईंचं. मी कधी कुणाची वही घरी नेऊन, पान फाडून, त्याच्या नावाने सुवाच्य अक्षरात निबंध लिहून आणला नाही. करंज्यांच्या बाबतीत मात्र मी अगदी तेच केलं.

अर्थात शाळेतही मी धुतल्या तांदळासारखी नव्हते. हस्तकलेच्या प्रदर्शनात एखादी बाहुली आईने केली आहे, एखादा ज्वालामुखी काकांनी केला आहे, हे आम्हा शिक्षकांना शंभर पावलांवरून कळायचं. तरी पहिला नंबर मी त्यालाच दिलेला आहे. टेबलावर छान दिसायचं, पाहुणे खूश व्हायचे. बाजूला एखाद्या पोराने चिकटवलेलं काडेपेट्यांचं घर कलंडून पडलेलं असायचं. त्या पोरांनी त्या दिवशी काय धडा घेतला असेल? ‘आपण केलेलं चालत नाही.’ आता तर ‘प्रोजेक्ट’ विकत करून देणारी दुकानं आहेत. ती कुणाच्या मागणीवरून निघाली, याचं थोडं उत्तर माझ्याकडेही आहे.

नाताळात न्यूरेंबर्गच्या बाजारात लेबकुखनचे जुने लाकडी साचे बघितले. काय कोरीव काम! घोडेस्वार, बदाम, पाळण्यातली बाळं. तिथे एक गोष्ट सांगतात, की पंधराव्या शतकाच्या शेवटी तिसरा फ्रेडरिक नावाच्या सम्राटाने शहरातल्या मुलांना लेबकुखन वाटले आणि त्यांवर स्वतःचाच चेहरा छापला होता. मला हसू आलं. आम्ही मोठी माणसं दुसरं काय करतो? मुलांना गोड देतो, पण त्यावर छाप आपलाच हवा. दुकानांत आता लेबकुखनच्या घराची पेटीही मिळते. भिंती, छप्पर सगळं आधीच भाजलेलं, मुलांनी फक्त साखरेने चिकटवायचं. गैर काही नाही, ज्यांना वेळ नाही त्यांची सोय होते. पण त्या घराच्या भिंती कधी वाकड्या येत नाहीत, आणि मुलांना आवडतो तो भाग मला वाटतं तोच असतो.

दुसरा आक्षेप लेकीचा होता, आणि तो मला जास्त जवळचा वाटतो. परक्या मुलखात आपल्याला नावं ठेवू नयेत, ही धास्ती. ती तिथे राहते, मी तीन महिन्यांची पाहुणी. मी तिला उपदेश करणार नाही. फक्त एवढंच म्हणते, की लोक काय म्हणतील याची चिंता आपल्याला आहे, तर ती आपल्या नावाच्या चिठ्ठीवर करावी. मुलांच्या नावाच्या चिठ्ठीवर नको. माझ्या नातीने नऊव्या वर्षी जे केलं, ते याहून वेगळं नव्हतं.

यानंतर घरात एक नियम झाला. ओट्यावर ज्याने जे केलं, ते त्याच्याच नावाने, जसं असेल तसं. मी तिथून निघायच्या आधी आम्ही चौघींनी, म्हणजे मी, लेक, नात आणि आमची चौथी मैत्रीण म्हणून धाकटा, करंज्या केल्या. सुकं खोबरं नेलं होतंच. लेकीने चौतीस वर्षांनी मुरड घातली. दुसऱ्याच करंजीला कड सुटली. मी बोलले नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच विचारलं, “आई, ही फुटेल का गं?” मी म्हटलं, “फुटेल. पाणी लाव.” तिने लावलं. पाच-सहा फुटल्या तरीही. तेलाचा सत्यानाश झाला. ते आम्ही गाळून टाकून दिलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. मी अजून त्याच काळातली आहे.

जाता जाता एक. लेबकुखन भाजल्यावर आधी कडक होतं, आणि डब्यात सफरचंदाची फोड ठेवली की चार-पाच दिवसांत मऊ पडतं. तिसऱ्यांदा लाटलेल्या गोळ्याचं मात्र कशानेही मऊ पडत नाही. ते टिकतं. निघताना धाकट्याने आजोबा कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये ठेवले. फ्रँकफर्टला नाही मोडले, मुंबईला नाही मोडले. इकडे आल्यावर मी ते काचेच्या कपाटात, यांच्या सेवानिवृत्तीच्या घड्याळाशेजारी ठेवले आहेत. मुंग्या लागू नयेत म्हणून डबीत. हे रोज सकाळी फिरायला जाताना तिकडे नजर टाकतात. परवा म्हणाले, “पाय अगदी माझाच काढलाय गं पोराने.”

डोळे ठीक झाल्यावर मी तो पहिल्यांदाच जवळून बघितला. जोडलेल्या जागी त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे.

तुमच्याकडे असं काही घडलं असेल, तर लिहा. आणि दिवाळीत नातवंडांनी केलेल्या करंज्यांचे फोटो पाठवाल तेव्हा कृपा करून खऱ्या पाठवा!